दवाखान्याच्या कागदावरचे शब्द

(पेण आणि रोहा येथील साक्षरता वर्गांत केलेले भाषण)



तुम्ही सर्वजण आता वाचायला शिकलात. एस.टी.ची पाटी वाचता. रेशन दुकानातला फलक वाचता. सातबाऱ्यावर आपले नाव बरोबर आहे की नाही, ते पाहता. ही मोठी गोष्ट आहे. आता तुम्हांला कोणी सहज फसवू शकणार नाही.

पण एक कागद असा आहे की, तो वाचता आला तरी कळत नाही. तो म्हणजे दवाखान्याचा कागद. त्यावरचे शब्द लांबलचक आणि परके. त्यात 'कॅन्सर' हा शब्द आला की माणसाचे हातपाय गळतात. मग पुढचे काही कानात शिरतच नाही.

म्हणून आज आम्ही त्या कागदावरचे काही शब्द सोपे करून सांगणार आहोत. आम्ही डॉक्टर नाही. आम्ही मास्तर. जन्मभर मुलांना शब्दांचे अर्थ सांगितले. पण एका शब्दाचा अर्थ आम्ही चुकीचा सांगितला आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. तेथूनच सुरुवात करतो.

आमची चूक

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. थोडे इंग्रजी येते. त्यामुळे गावात कोणाचाही इंग्रजी कागद आला की तो आमच्या ओटीवर येतो.

काही वर्षांपूर्वी ज्येष्ठ महिन्यात खारेपाटातली एक बाई आमच्याकडे आली. वय पन्नाशीच्या आसपास. लहानपणापासून मशेरी लावायची सवय. तिच्या गालाच्या आत एक फोड आला होता. दुखत नव्हता, पण दोन महिने झाले तरी बरा होत नव्हता. डॉक्टरांनी तपासून कागद दिला होता. तेथे गर्दी फार. त्यांनी काय सांगितले ते तिला नीट कळले नाही.

"गुरुजी, यात काय लिवलंय?" तिने विचारले.

आम्ही चष्मा लावला. कागदावर लिहिले होते, 'रूल आउट मॅलिग्नन्सी'. पुढे लिहिले होते, 'बायोप्सी'. मॅलिग्नन्सी म्हणजे कॅन्सर, एवढे आम्हांला ठाऊक होते. आउट म्हणजे बाहेर. आम्ही म्हटले, "बाय, देवाची कृपा. कॅन्सर नाही, असे लिहिले आहे. एक बारीकशी तपासणी सांगितली आहे. ती सवडीने कर."

तिला केवढा आनंद झाला! दुसऱ्या दिवशी तिने येऊन आमच्या हातावर साखर ठेवली. लावणी तोंडावर आली होती. ती कामाला लागली.

दिवाळीनंतर ती पुन्हा आली. गाल सुजला होता. तोंडात दोन बोटेही शिरत नव्हती. आम्ही तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी जुना कागद पाहिला आणि विचारले, "बायोप्सी का केली नाही? पाच महिने कुठे होतात?"

तेव्हा आम्हांला कळले की, 'रूल आउट' म्हणजे 'नाही' असे नव्हे. 'कॅन्सर असू शकेल, तो आहे की नाही ते तपासून नक्की करा,' असा त्याचा अर्थ. आम्ही अगदी उलटा अर्थ सांगितला होता.

मुंबईला तिचे ऑपरेशन झाले. अर्धा जबडा काढावा लागला. पुढे किरणांचे उपचार झाले. ती आज आहे, ही देवाची कृपा. पण पातळ पेज खाते. तिचे बोलणे परक्या माणसाला कळत नाही. वेळीच तपासणी झाली असती, तर कदाचित एवढे काढावे लागले नसते.

आम्ही तिची क्षमा मागितली. ती हळूहळू म्हणाली, "गुरुजी, तुमाला म्हायीत नव्हतं, तं तसं सांगायचं व्हतं."

एवढेच म्हणाली. रागावली नाही. पण ते वाक्य आम्ही विसरलो नाही. त्यानंतर आम्ही एक वही केली. डॉक्टरांना एकेक शब्द विचारला आणि अर्थ लिहून ठेवला. तीच वही आज बरोबर आणली आहे. ही हकीकत सांगायला तिने स्वतः परवानगी दिली आहे.

कर्क म्हणजे खेकडा

कॅन्सरला आपल्या भाषेत कर्करोग म्हणतात. कर्क म्हणजे खेकडा. इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही खेकडाच आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ग्रीस देशातल्या वैद्यांनी हे नाव दिले. गाठीच्या भोवती पसरलेल्या शिरा त्यांना खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या.

खारेपाटातल्या माणसाला खेकडा वेगळा सांगायला नको. खाडीचे पाणी अडवणाऱ्या बांधाला खेकडा भोक पाडतो. भोक बोटाएवढे असते. ते वेळीच दिसले, तर दोन पाट्या चिखलाने बुजते. दुर्लक्ष केले, तर उधाणाचे पाणी त्यातून शिरते, भोक मोठे होते आणि एक दिवस बांधाला खांड जाते. मग खारे पाणी साऱ्या शेतात पसरते. हे लक्षात ठेवा. पुढे याचा उपयोग होणार आहे.

पेशी

आपले शरीर बारीक बारीक कणांचे बनलेले आहे. घर जसे विटांचे, तसे शरीर या कणांचे. त्यांना पेशी म्हणतात. त्या इतक्या लहान असतात की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. जखम भरून येते ती अशीच.

नवी पेशी जुनीसारखीच कशी होते? पेण, जोहे, हमरापूर या बाजूला गणपतीचे कारखाने आहेत. तेथे साचा असतो. साचा चांगला, तर मूर्ती चांगली. साच्याला टवका गेला, तर त्यातून निघणाऱ्या प्रत्येक मूर्तीत तो दोष येतो. पेशीच्या आतही असा एक साचा असतो. तंबाखू, मशेरी, विडी, दारू, काही विषाणू आणि वाढते वय यांमुळे त्या साच्यात दोष शिरू शकतो. कधी कधी काहीच कारण सापडत नाही.

कारखान्यात मूर्ती पुरेशा झाल्या की मालक काम थांबवतो. शरीरही पेशींना 'आता पुरे' असे सांगते. पण बिघडलेल्या पेशी ते ऐकत नाहीत. त्या वाढतच जातात, शेजारच्या जागेत घुसतात. यालाच कॅन्सर म्हणतात.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात धरा. कॅन्सर हा शाप नव्हे. मागच्या जन्मीचे पाप नव्हे. आणि तो एकमेकांच्या ताटात जेवल्याने, एकत्र झोपल्याने लागत नाही. रोग्याचे ताट वेगळे करू नका. त्या माणसाला औषधाइतकीच आपल्या माणसांची गरज असते.

गाठ

गाठीला डॉक्टर 'ट्यूमर' म्हणतात. हा शब्द दिसला की घाबरू नका. गाठ दोन प्रकारची असते.

एक साधी गाठ. तिचे नाव 'बिनाइन'. ती आपल्या जागी राहते, इकडे तिकडे पसरत नाही. ती कॅन्सर नव्हे.

दुसरी घातक गाठ. तिचे नाव 'मॅलिग्नंट'. ती आजूबाजूला घुसते, दूरही जाते. ती कॅन्सर. 'मॅलिग्नन्सी' हा शब्द त्याचाच भाऊ.

रक्ताच्या कॅन्सरमध्ये मात्र बहुधा गाठ दिसत नाही. तेथे रक्त तयार करणाऱ्या पेशी बिघडलेल्या असतात. त्याला 'ल्यूकेमिया' म्हणतात.

एक गोष्ट नीट ऐका. घातक गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. आपण म्हणतो, 'दुखत नाही ना, मग राहू दे.' हीच मोठी फसगत आहे.

बायोप्सी

गाठ साधी की घातक, हे हाताने दाबून नक्की सांगता येत नाही. त्यासाठी बायोप्सी करतात. व्यापारी भाताच्या पोत्यात सळई खुपसतो, मूठभर दाणे काढतो आणि माल पाहतो. सारे पोते ओतत नाही. बायोप्सी तशीच. गाठीचा लहानसा तुकडा काढतात आणि दुर्बिणीसारख्या यंत्राखाली पाहतात. या यंत्राला सूक्ष्मदर्शक म्हणतात. कधी नुसत्या सुईने थोड्या पेशी ओढून घेतात. त्याला 'एफ.एन.ए.सी.' म्हणतात.

गावात एक समजूत आहे. 'सुरी लागली की कॅन्सर भडकतो.' या भीतीने कित्येक जण बायोप्सी टाळतात. ही समजूत चुकीची आहे. कॅन्सर वाढतो तो वाट पाहण्यात गेलेल्या महिन्यांनी. ज्यांचा कॅन्सर आधीच फार वाढलेला असतो, त्यांनाही सुरी लागते. मग लोक दोष सुरीला देतात.

पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह

हे दोन शब्द फार घोटाळा करतात. आम्ही शाळेत पॉझिटिव्ह म्हणजे चांगले, निगेटिव्ह म्हणजे वाईट, असे शिकलो. दवाखान्यात तसे नाही. पॉझिटिव्ह म्हणजे, जे शोधत होते ते सापडले. निगेटिव्ह म्हणजे, ते सापडले नाही. कॅन्सर शोधत असतील आणि कागदावर पॉझिटिव्ह आले, तर कॅन्सर सापडला.

पण दर वेळी कॅन्सरच शोधतात असेही नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये 'ई.आर. पॉझिटिव्ह' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ, या रोगावर हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग होण्याजोगा आहे. म्हणून विचारावे, 'काय शोधत होता? ते सापडले का?'

आणखी एक. बायोप्सी निगेटिव्ह आली, पण फोड बरा होत नाही, गाठ वाढतेच आहे, तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे. पोत्याच्या एका कोपऱ्यातले दाणे चांगले निघाले, म्हणून सारे पोते चांगले असेलच असे नाही.

स्टेज

स्टेज म्हणजे टप्पा. रोग किती पसरला आहे, ते यावरून कळते. आता तो खेकडा आठवा.

पहिली स्टेज म्हणजे बांधाला बोटाएवढे भोक. रोग लहान आहे, एका जागी आहे.

दुसरी स्टेज म्हणजे भोक मोठे झाले, पण बांध अजून उभा आहे.

तिसरी स्टेज म्हणजे पाणी लगतच्या शेतात शिरले. रोग बराच वाढला, किंवा जवळच्या अवधाणांत गेला. मानेत, काखेत, जांघेत ज्या गाठी सुजतात, त्यांना आपण अवधाण म्हणतो. डॉक्टर त्यांना 'लिम्फ नोड' म्हणतात.

चौथी स्टेज म्हणजे खांड गेली आणि पाणी दूरवर पसरले.

हे ढोबळ झाले. प्रत्येक अवयवाचा हिशेब थोडा निराळा असतो. पण मुख्य गोष्ट एकच. पहिल्या टप्प्यात तोंडाचा, स्तनाचा किंवा गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर सापडला, तर बहुतेक माणसे बरी होतात. उपचार लहान, खर्च कमी, त्रास कमी. टप्पा वाढला की सारेच वाढते. चौथ्या टप्प्यातही उपचार असतातच. 'आता काही उरले नाही' असे स्वतःच ठरवून घरी बसू नये.

मेटास्टॅसिस

हा शब्द वाचताना आमचीही जीभ अडखळते. त्याचा अर्थ, रोग मूळ जागेपासून दूर गेला.

रोह्याकडच्या मंडळींना कालवा ठाऊक आहे. कुंडलिकेवरच्या डोलवहालच्या बंधाऱ्याचे पाणी कालव्याने शेतात जाते. पाण्याबरोबर तणाचे बी वाहत जाते आणि खालच्या शेतात उगवते. जेथे उगवते, तेथे ते तणच राहते, भात होत नाही. तसेच बिघडलेल्या पेशी रक्तातून वाहत जातात आणि फुप्फुसात, यकृतात, हाडांत रुजतात. स्तनाचा कॅन्सर हाडात गेला, तरी तो स्तनाचाच कॅन्सर. त्यावर औषधही स्तनाच्याच कॅन्सरचे चालते. म्हणून डॉक्टर 'मूळ जागा कोणती' हे शोधत बसतात. ते वेळ घालवत नसतात.

तीन उपचार

उपचार मुख्यतः तीन. कोणाला एक पुरतो, कोणाला दोन किंवा तिन्ही लागतात. आता काही नवी औषधेही निघाली आहेत. ती कोणाला लागू पडतात ते डॉक्टर सांगतात.

पहिला ऑपरेशन. गाठ आणि तिच्या कडेचा थोडा चांगला भाग कापून काढतात. तण उपटताना आपण मुळाभोवतीची मातीही काढतो, तसेच.

दुसरा रेडिएशन. याला आपल्याकडे 'शेक देणे', 'लाईट देणे' असे म्हणतात. पण तो आगीचा शेक नव्हे आणि विजेचा झटकाही नव्हे. यंत्रातून डोळ्यांना न दिसणारे किरण सोडतात. ते बिघडलेल्या पेशी मारतात. देताना दुखत नाही. काही दिवसांनी त्या जागेची कातडी लाल होते, तोंडाला दिले तर तोंड येते. बाहेरच्या यंत्राने किरण घेतलेला माणूस घरी आला, तर त्याने नातवंडांना जवळ घ्यायला हरकत नाही. किरण त्याच्या अंगात राहत नाहीत.

तिसरा केमोथेरपी. लोक नुसते 'केमो' म्हणतात. ही औषधे शिरेतून सलाईनने देतात, काही गोळ्याही असतात. ती रक्ताबरोबर साऱ्या अंगात फिरतात आणि झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारतात. केसांच्या मुळांच्या आणि तोंडाच्या आतल्या पेशीही झपाट्याने वाढतात. म्हणून बऱ्याच जणांचे केस गळतात, तोंड येते, मळमळते. उपचार संपले की केस बहुतेक पुन्हा येतात. केमोच्या दिवसांत ताप आला, तर घरी काढा पीत बसू नये. लगेच दवाखान्यात जावे. कारण त्या दिवसांत शरीराची रोगाशी लढायची ताकद कमी झालेली असते.

उपचार अर्धवट सोडू नका. जरा बरे वाटले, शेतीची कामे आली, म्हणून दोन सलाईन घेऊन बसायचे, तर अर्धी बेणणी करून घरी आल्यासारखे होते. तण पुन्हा माजते.

उपचार संपल्यावरही डॉक्टर ठराविक दिवसांनी बोलावतात. त्याला 'फॉलो-अप' म्हणतात. बांध दुरुस्त झाला तरी आपण उधाणाला जाऊन पाहतोच ना?

आणखी एक शब्द आहे, 'पॅलिएटिव्ह'. याचा अर्थ 'डॉक्टरांनी हात टेकले' असा नव्हे. दुखणे, दम लागणे, झोप न येणे हे त्रास कमी करण्याचे उपचार, असा त्याचा अर्थ. रोग हटला नाही तरी माणसाला कण्हत ठेवायचे नाही. हे उपचार मागणे हा रोग्याचा हक्क आहे.

बार्शीची आणि मुंबईची गोष्ट

तुम्ही म्हणाल, 'गुरुजी, शब्द कळून काय होणार? रोग थोडाच जाणार?' म्हणून दोन खऱ्या गोष्टी सांगतो.

सोलापूर जिल्ह्यात बार्शी गाव आहे. तेथे नर्गिस दत्त यांच्या नावाचे कॅन्सर रुग्णालय आहे. १९८७ साली तेथे आसपासच्या खेड्यांतल्या कॅन्सरच्या रोग्यांची नोंद ठेवायला सुरुवात झाली. खेड्यांतली अशी नोंदवही देशात पहिलीच. त्या कामात माणसे गावोगाव फिरली. कॅन्सरची लक्षणे कोणती, तो लवकर सापडला तर बरा होतो, हे लोकांना समजावून सांगितले. पुढे काय दिसले? गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झालेल्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. मोठे यंत्र आणले नव्हते. लोकांना नीट सांगितले होते.

दुसरी गोष्ट मुंबईची. परळला टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने वारल्या. त्यानंतर टाटांच्या न्यासाने हे रुग्णालय उभे केले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. तेथील डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक काम सुरू केले. दहावीपर्यंत शिकलेल्या बायका निवडल्या. त्यांना चार आठवडे शिकवले. व्हिनेगर म्हणून जो पातळ सिरका मिळतो, तसे सौम्य आम्ल गर्भाशयाच्या मुखाला लावायचे आणि पांढरा डाग उठतो का ते पाहायचे. डाग दिसला, तर पुढची तपासणी. एवढेच काम. दर दोन वर्षांनी ते केले. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाला. ज्या वस्त्यांत ही तपासणी झाली, तेथे या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे जेथे शंभर बायका दगावल्या असत्या, तेथे ३१ वाचल्या.

दहावीपर्यंत शिकलेल्या बायका! म्हणजे आमच्याएवढेच शिक्षण. पण त्यांना नेमके काय पाहायचे ते माहीत होते आणि जे कळत नाही ते डॉक्टरांकडे पाठवायचे, हेही माहीत होते. आमच्या हातून नेमके हेच झाले नाही.

काय पाहायचे

आता ही यादी घरी जाऊन सर्वांना वाचून दाखवा.

तोंडातला फोड दोन-तीन आठवड्यांत बरा न होणे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा. तोंडात आपली तीन बोटे उभी न शिरणे. स्तनात गाठ, बोंडातून रक्त किंवा स्तनाच्या कातडीत खळगा. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा नवराबायकोच्या संबंधानंतर रक्त जाणे. घास गिळताना अडकणे. आवाज बसून तीन आठवडे न सुटणे. शौचावाटे रक्त. कारण नसताना वजन घटणे.

यातले काही दिसले म्हणजे कॅन्सरच, असे नव्हे. बहुतेक वेळा साधे कारण निघते. पण ते डॉक्टरांनी ठरवायचे. आपण नाही, शेजारणीने नाही, आणि मास्तरांनीही नाही.

भगिनींनो, लाजू नका. तपासणी करणारी बाईच असावी, असे सांगायचा तुम्हांला हक्क आहे. आणि पुरुषहो, बायको सांगत नाही म्हणून तिला काही होत नाही, असे समजू नका.

मशेरीविषयी एक शब्द. गुटख्याला आपल्या राज्यात २०१२ सालापासून बंदी आहे. पण मशेरी तर घरच्या चुलीवरच भाजली जाते. ती दात घासायची पूड नव्हे. ती जळकी तंबाखू आहे. आईची पाहून मुलगी लावते. ही सवय तुमच्या घरात तुमच्यापाशीच थांबू द्या.

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा 'एच.पी.व्ही.' नावाच्या विषाणूमुळे होतो. त्यावर लस आहे. ती मुलींना लहान वयात, नऊ ते चौदा वर्षांच्या दरम्यान दिली तर अधिक चांगली. आरोग्य केंद्रात चौकशी करा.

कोठे जायचे

आधी गावच्या आशाताईंना सांगा. तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांच्या तोंडाची, तसेच स्त्रियांच्या स्तनांची व गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करण्याची सरकारी योजना आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. पेणला आणि रोह्याला सरकारी रुग्णालये आहेत. पुढे अलिबागचे जिल्हा रुग्णालय. मोठे उपचार लागले, तर परळचे टाटा रुग्णालय. त्याच संस्थेचे केंद्र आपल्याच जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात खारघरलाही आहे.

पैशाची भीती खरी आहे. पण आधी चौकशी करा, मग जमीन विकायचा विचार करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. २०१२ साली ही योजना दुसऱ्या नावाने पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला रायगड होता. रेशन कार्ड आणि आधार कार्ड बरोबर न्या. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेले असतात. त्यांना भेटा.

पाच प्रश्न

तुम्हांला आता लिहिता येते. दवाखान्यात जाताना एक वही आणि पेन्सिल न्या. हे पाच प्रश्न आधीच लिहून ठेवा.

१. मला काय झाले आहे, किंवा काय असल्याचा संशय आहे?
२. कोणती तपासणी करायची आणि ती किती दिवसांच्या आत?
३. कॅन्सर असेल, तर मूळ जागा कोणती आणि स्टेज कोणती?
४. उपचार कोणता आणि त्याचा काय त्रास होईल?
५. पुन्हा कोणत्या तारखेला यायचे?

उत्तर मराठीत मागा. कळले नाही तर म्हणा, "डॉक्टरसाहेब, पुन्हा एकदा सांगा." शेवटी आपल्याला जे कळले, ते आपल्या शब्दांत त्यांना सांगून दाखवा. चुकले असेल तर ते तेथेच दुरुस्त करतील. आम्ही वर्गात मुलांकडून असेच वदवून घेत होतो. पण त्या कागदाच्या वेळी आम्हांला ते सुचले नाही.

आता शेवटचे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात तुम्हीच पहिले वाचणारे असाल. उद्या शेजारीपाजारी कागद घेऊन तुमच्याकडे येतील. त्यांचा तुमच्यावर विश्वास असेल. तेव्हा अक्षरे वाचा, पण अर्थाचा अंदाज करू नका. माहीत नसेल, तर सरळ म्हणा, "हे मला माहीत नाही. चला, आपण दोघे जाऊन विचारू." असे म्हटल्याने आपला मान कमी होत नाही. आम्ही आमचा मान सांभाळायला गेलो आणि एका बाईचा जबडा गेला.

ती बाई आता मशेरी लावणाऱ्या सुनांना आपला गाल दाखवते. तिचे बोलणे कळत नाही, पण काय सांगते ते सर्वांना कळते. तिच्या वतीने आम्ही बोललो. हा शब्दांचा पाठ घरी पुन्हा एकदा मोठ्याने वाचा, आणि कोणाच्या तोंडात न बरा होणारा फोड असेल, तर उद्याच त्याला घेऊन जा.